समजून घ्या : बाळंतपणानंतर गर्भनिरोधक गोळी कधी? रक्ताच्या गुठळीचा धोका टाळण्यासाठी दोन तारखा लक्षात ठेवा

बाळंतीण दवाखान्यातून घरी निघते तेव्हा तिच्या फाइलमध्ये बरेच कागद असतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, टाके कधी दाखवायचे, बाळाची पुढची लस कोणत्या तारखेला, हे सगळे लिहिलेले असते. पुढच्या गरोदरपणात अंतर ठेवण्यासाठी कोणते साधन वापरायचे आणि कोणत्या दिवसापासून, ही ओळ मात्र अनेकदा राहून जाते. मग महिनाभराने नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, गोळ्यांचे पाकीट मागतो आणि ते मिळतेही. बाळ किती दिवसांचे आहे, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण बहुतेक निरोगी तरुण स्त्रियांसाठी सुरक्षित असलेली गोळी प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत धोक्याची ठरू शकते. हा धोका आहे रक्ताच्या गुठळीचा. तो दुर्मीळ आहे, पण जिवावर बेतू शकतो. आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

रक्ताची गुठळी म्हणजे नेमके काय?

जखम झाली की रक्त गोठते आणि रक्तस्राव थांबतो. ही शरीराची संरक्षण व्यवस्था आहे. पण जखम नसताना रक्तवाहिनीच्या आतच रक्त गोठले, तर तीच व्यवस्था उलटते. पायाच्या खोलवरच्या शिरेत अशी गुठळी झाली तर पाय सुजतो, दुखतो. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकला तर श्वास अचानक कोंडतो आणि काही वेळा मृत्यूही ओढवतो. मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाली तर तीव्र डोकेदुखी, झटके किंवा हातापायातील शक्ती जाणे असे त्रास होतात.

बाळंतपणानंतर धोका का वाढतो?

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिरशॉ यांच्या एकोणिसाव्या शतकातील कामावरून आजही गुठळीची तीन मूलभूत कारणे शिकवली जातात. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची क्षमता वाढणे. बाळंतपणात ही तिन्ही कारणे एकत्र येतात.

वाढलेल्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या शिरांवर पडतो आणि पायांकडून हृदयाकडे परतणारे रक्त संथ होते. डाव्या बाजूच्या शिरेवर हा दाब जास्त असतो, म्हणून गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात आढळते. प्रसूतीत, विशेषतः सिझेरियनमध्ये, रक्तवाहिन्यांना इजा होते. आणि प्रसूतीच्या वेळी फार रक्त जाऊ नये म्हणून शरीराने आधीच तयारी केलेली असते. रक्त गोठवणारे घटक वाढवलेले असतात आणि गोठणे रोखणारे काही घटक कमी केलेले असतात.

ही तयारी आईचा जीव वाचवते. पण बाळ जन्मले की ती लगेच मागे घेतली जात नाही. रक्त पूर्वपदावर यायला साधारण सहा आठवडे लागतात.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बाळंत झालेल्या जवळपास १७ लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांची तुलना बरोबर एक वर्षानंतरच्या तेवढ्याच काळाशी केली. शिरांमधल्या गुठळ्या, पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका मिळून पहिल्या सहा आठवड्यांत ४११ घटना नोंदल्या गेल्या. वर्षानंतरच्या तेवढ्याच काळात त्या ३८ होत्या. म्हणजे धोका जवळपास ११ पट. सातव्या ते बाराव्या आठवड्यात तो सुमारे दुपटीवर आला आणि नंतर ओसरला.

'११ पट' हे ऐकून घाबरण्याआधी दुसरा आकडाही पाहा. ४११ घटना जवळपास १७ लाख बाळंतिणींमध्ये झाल्या, म्हणजे एक लाखामागे साधारण २४. बहुतेक जणींना काहीही होत नाही. पण हा झाला बाळंतपणाचा स्वतःचा धोका. गर्भनिरोधक गोळीचा धोका यात मिळवला तर काय, हा पुढचा प्रश्न.

सगळ्या गोळ्या सारख्या असतात का?

नाही. आणि सगळा गोंधळ इथेच होतो. गर्भनिरोधक गोळ्यांचे दोन मोठे गट आहेत.

पहिला गट संयुक्त गोळ्यांचा. यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी 'माला-एन' याच गटातली. तिच्या पाकिटात संप्रेरकांच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. पीसीओएस किंवा मुरमांसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्याही याच गटात येतात. यातले इस्ट्रोजेन यकृतावर परिणाम करून रक्त गोठवणारे घटक वाढवते. म्हणजे बाळंतपणाने जे आधीच वाढवलेले आहे, त्यात ही गोळी भर घालते. शिवाय इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होण्याचीही शक्यता असते.

दुसरा गट फक्त प्रोजेस्टिन असलेल्या गोळ्यांचा. यात इस्ट्रोजेन नसते. या गोळ्यांमुळे गुठळीचा धोका वाढत असल्याचा ठोस पुरावा नाही. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर या गोळ्या लवकरही सुरू करून देऊ शकतात.

घरात कोणते पाकीट आहे हे ओळखायचे असेल तर ते उलटे करून घटकांची नावे वाचा. इंग्रजीत 'इथिनाइल इस्ट्रॅडिओल' किंवा नुसते 'इस्ट्रॅडिओल' असे छापलेले असेल तर ती संयुक्त गोळी. वाचता आले नाही तर मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना किंवा आरोग्य सेविकेला दाखवा.

मग किती दिवस थांबायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने कोणत्या स्थितीत कोणते साधन चालेल, याचे वैद्यकीय निकष ठरवले आहेत. संयुक्त गोळ्यांबाबत ते थोडक्यात असे :

- बाळाला अंगावर पाजत असाल तर पहिले सहा आठवडे संयुक्त गोळी अजिबात नको. त्यानंतर सहा महिने पूर्ण होईपर्यंतही साधारणपणे टाळावी.
- अंगावर पाजत नसाल तरी पहिले २१ दिवस संयुक्त गोळी नको.
- अंगावर पाजत नसाल, पण गुठळीचा इतर धोका असेल, तर २१ व्या दिवसानंतरही सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत टाळावी. इतर धोका नसेल तर या काळात डॉक्टर विचार करून देऊ शकतात.

इतर धोका म्हणजे काय? सिझेरियन, प्रसूतीत खूप रक्त जाणे किंवा रक्त चढवावे लागणे, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, जास्त वजन, धूम्रपान, बराच काळ अंथरुणावर पडून राहणे. स्वतःला आधी कधी गुठळी झाली असेल किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला कमी वयात झाली असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगायला हवे. यातले सिझेरियन आता अपवादाचे राहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याची नोंद आहे.

आपल्या घरांत हा हिशेब लक्षात ठेवणे अवघड नाही. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, आपल्या सव्वा महिन्याहून थोडेच जास्त. आणि सहा महिने म्हणजे बाळाच्या उष्टावणाचा सुमार. अंगावर पाजणाऱ्या आईने एवढेच ध्यानात ठेवावे : सव्वा महिन्याच्या आत संयुक्त गोळीचे नावही नको आणि सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण होईपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

म्हणजे गोळी वाईट आहे का?

अजिबात नाही. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १० हजार स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. ड्रोस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडिन असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. म्हणजे सर्वांत जास्त धोक्याच्या गटातही १० हजारांपैकी सुमारे ९,९९० जणींना वर्षभरात गुठळी होत नाही. आणि गरोदरपण व बाळंतपणातला गुठळीचा धोका या गोळ्यांपेक्षा जास्त असतो. नको असलेले गरोदरपण टाळणे हासुद्धा गुठळी टाळण्याचाच एक मार्ग आहे.

अर्धवट माहितीने भीती पसरली तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने नव्या पिढीच्या काही संयुक्त गोळ्यांनी गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असा इशारा दिला. बातम्यांत 'दुप्पट' हा शब्द गाजला. मुळात धोका किती लहान आहे, हे मागे पडले. अनेक स्त्रियांनी दुसरे साधन न घेताच गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज मांडला गेला.

म्हणून हा लेख वाचून कोणी सरसकट गोळ्या फेकून देऊ नयेत. मुद्दा गोळी चांगली की वाईट हा नाही. कोणती गोळी आणि प्रसूतीनंतर कितव्या दिवशी, हा आहे. आणखी एक गोष्ट. संयुक्त गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत किंवा महिनाभराहून मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू केल्यावर धोका सर्वाधिक असतो. गरोदरपणाआधीची उरलेली स्ट्रिप कपाटातून काढून आपल्या मनाने सुरू करणे म्हणूनच चुकीचे.

तोपर्यंत कोणते साधन वापरायचे?

'अजून पाळी आली नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत' हा समज फसवा आहे. पाळीच्या आधी स्त्रीबीज बाहेर पडते. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीमध्ये ते प्रसूतीनंतर चौथ्या आठवड्यातही घडू शकते. त्यामुळे गोळी नको म्हणजे काहीच नको, असे नाही. पर्याय भरपूर आहेत :

- निरोध : केव्हाही चालतो, संप्रेरके नाहीत.
- तांबी : तांब्याची तार असलेल्या या साधनात संप्रेरके नसतात, त्यामुळे गुठळीचा प्रश्न येत नाही. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनंतर. काही जणींना पाळीत रक्तस्राव जास्त होतो, म्हणून रक्त कमी असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे.
- छाया : लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेल्या सेंटक्रोमनची गोळी. यात इस्ट्रोजेन नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.
- अंतरा : तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे प्रोजेस्टिनचे इंजेक्शन. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. काही अभ्यासांत या इंजेक्शनचा गुठळीशी संबंध दिसला आहे, म्हणून आधी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे.
- फक्त अंगावरचे दूध : बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, दिवसरात्र फक्त अंगावरचेच दूध घेते आणि आईची पाळी परत आलेली नाही, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर ही पद्धत ९८ टक्के परिणामकारक आहे. एक अट मोडली की दुसरे साधन हवे.
- नसबंदी : मूल पुन्हा नकोच असेल तर. पुरुषांची शस्त्रक्रिया स्त्रियांपेक्षा सोपी असते. तरीही २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली दिसते आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के.

निरोध, तांबी, छाया आणि अंतरा ही साधने सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात.

पाळी पुढे ढकलण्याची गोळी चालेल का?

बारसे, पूजा, लग्न, देवदर्शन. अशा वेळी पाळी पुढे ढकलणारी गोळी आणली जाते आणि ती 'साधी' समजली जाते. यातली सर्रास वापरली जाणारी गोळी नॉरएथिस्टेरोनची. ती प्रोजेस्टिन गटातली असली तरी पाळी लांबवण्यासाठी ती मोठ्या मात्रेत घ्यावी लागते आणि शरीरात तिच्या काही भागाचे इथिनाइल इस्ट्रॅडिओलमध्ये रूपांतर होते. रोजची मात्रा १० ते २० मिलिग्रॅम असेल तर त्याचा परिणाम जवळपास संयुक्त गोळीइतका मानला जातो. म्हणून प्रसूतीला काही आठवडेच झाले असतील तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

- एकाच पायाला सूज, पोटरीत किंवा मांडीत दुखणे, तो भाग गरम किंवा लालसर होणे
- अचानक दम लागणे, दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणे
- पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, झटके, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे

'बाळंतपणात पाय सुजतातच', 'झोप झाली नाही म्हणून डोके दुखते', 'बाहेरची बाधा झाली', असे म्हणण्यात तास वाया जातात. अशा वेळी पायाला तेल लावून चोळू नका. १०८ वर फोन करा, मोठ्या रुग्णालयात जा आणि दोन गोष्टी आधी सांगा : प्रसूती कधी झाली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. वेळेत निदान झाले तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी उपचार होतात आणि त्यातली काही औषधे अंगावर पाजतानाही देता येतात.

प्रसूतीला सहा आठवडे झालेले नाहीत आणि संयुक्त गोळी सुरू झाली आहे, असे लक्षात आले तर घाबरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. गोळी बदलेपर्यंत निरोध वापरा.

घरातल्या माणसांनी काय करावे?

बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, तिने बाजेवरून उठू नये, असे काही घरांत अजूनही सांगितले जाते. गुठळीच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. शरीरात पाणी कमी पडले की रक्त दाट होते. भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी बाळंतिणींच्या मेंदूतील शिरांच्या गुठळ्यांची नोंद कित्येक दशकांपासून केली आहे आणि पाण्याची कमतरता हे त्यामागचे एक कारण मानले जाते. विश्रांती हवीच, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की घरातल्या घरात चालणे आणि तहानेप्रमाणे भरपूर पाणी पिणेही हवे. सिझेरियननंतर तर हे जास्तच.

बदलायला काय हवे?

यासाठी नवी योजना किंवा महागडे यंत्र लागत नाही. यंत्रणा जागेवर आहे. नवजात बाळाच्या काळजीसाठी आशाताई घरी येतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ठरलेल्या सहा भेटींपैकी शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. म्हणजे रक्त पूर्वपदावर येण्याचा दिवस आणि आशाताईंच्या भेटीचा दिवस एकच. त्या भेटीत बाळाच्या वजनाबरोबर आईला 'कोणते साधन चालू आहे?' हा प्रश्नही ठामपणे विचारला जायला हवा. आशाताईंवर आधीच कामाचा भार आहे, हे मान्य. म्हणूनच सगळे त्यांच्यावर सोपवून चालणार नाही.

दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या लसीच्या तारखेशेजारी आणखी एक ओळ हवी : आईचे साधन कोणते आणि कोणत्या तारखेपासून. खासगी दवाखान्यांनीही हे करावे, कारण तिथे बाळंत होणाऱ्या अनेक जणींपर्यंत सरकारी सल्ला पोहोचतच नाही.

मेडिकल दुकानांबद्दल आमचे म्हणणे असे की, कमी मात्रेच्या गर्भनिरोधक गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात, ते तसेच राहावे. ती सोय काढून घेतली तर ज्यांना दवाखाना लांब आहे किंवा घरात विचारण्याची चोरी आहे, त्याच बायकांचे हाल होतील. पण पाकीट देताना फार्मासिस्टने दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या सहा महिन्यांत बाळंतपण झाले आहे का? आधी कधी गुठळी, पक्षाघात किंवा रक्तदाबाचा त्रास होता का? उत्तर 'हो' असेल तर गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि पाकीट आणायला जाणाऱ्या नवऱ्याने विचारण्याची वाटही पाहू नये. काउंटरवर आवाज खाली करून नुसते गोळीचे नाव सांगण्यापेक्षा 'आमचे बाळ अमुक दिवसांचे आहे, अंगावर पिते' एवढे वाक्य म्हणावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.